एमी जॉन्सन : लंडन ते डार्विन

वर्गाच्या भिंतीवर टांगलेल्या पृथ्वीच्या नकाशावर लंडन शहरावर एक बोट ठेवावें आणि ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्यावरील डार्विन बंदरावर दुसरें ठेवावें, म्हणजे या दोन नगरांमधील अंतर दोन-तीन वितींहून अधिक भरत नाहीं. पृथ्वीच्या गोलाईवरून अगदीं जवळच्या वाटेनें मोजल्यास हें अंतर सुमारें ८,६०० मैल आहे. परंतु तें तोडावयास किती काळ लागतो, या प्रश्नाचें उत्तर नकाशांत सांपडत नाहीं. तें प्रत्येक पिढीनें निरनिराळें दिलें आहे. आगबोटींच्या काळांत इंग्लंडाहून ऑस्ट्रेलियास जाणाऱ्या उतारूला पांच-सहा आठवडे समुद्रावर काढावे लागत. १९१९ सालीं रॉस स्मिथ व कीथ स्मिथ या बंधूंनीं दोन यंत्रज्ञ बरोबर घेऊन हा प्रवास विमानानें २८ दिवसांत केला. १९२८ सालीं बर्ट हिंक्लर हा वैमानिक एकटाच उडून साडेपंधरा दिवसांत डार्विनला पोहोंचला. आणि २०१८ सालीं ऑस्ट्रेलियांतील पर्थ शहराहून लंडनला वाटेंत कोठेंहि न थांबतां जाणारी विमानसेवा सुरू झाली, तेव्हां सुमारें ९,००० मैलांचा तो प्रवास सतरा तासांच्या आसपास येऊन ठेपला.

आंकड्यांच्या या मालिकेंत एक आंकडा साडेएकोणीस दिवसांचा आहे. तो १९३० सालचा. त्यानें पूर्वीचा विक्रम मोडला नाहीं. उलट हिंक्लरच्या मानानें त्यांत चार दिवस अधिकच लागले. तरीहि ज्या व्यक्तीच्या नांवावर तो जमा आहे, तिचें नांव हिंक्लरच्या नांवापेक्षां अधिक लोकांच्या तोंडीं राहिलें. ती व्यक्ति म्हणजे सव्वीस वर्षांची एक तरुणी, एमी जॉन्सन. तिचें चरित्र वाचीत असतां दोन शहरांमधील अंतर म्हणजे खरोखर काय, याचा विचार मनांत आल्यावांचून राहत नाहीं.

एमीचा जन्म १ जुलै १९०३ रोजीं इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील हल या बंदरांत झाला. तिचे वडील जॉन विल्यम जॉन्सन हे मासळीचे व्यापारी होते. चार बहिणींत एमी वडील. घरची स्थिति खाऊनपिऊन सुखी, आणि मुलींनीं शिकावें अशी आईबापांची इच्छा होती. हल येथील माध्यमिक शाळेंतून ती शेफील्डच्या विश्वविद्यालयांत गेली व अर्थशास्त्र हा विषय घेऊन १९२५ सालीं तिनें बी. ए. ची पदवी मिळविली. त्या काळीं पदवीधर मुलीपुढें दोनच रस्ते उघडे असत : शाळेंत शिकविणें किंवा कचेरींत टंकलेखन करणें. एमीनें दुसरा धरला. लंडनला येऊन एका वकिलाच्या कचेरींत ती चिटणिसाचें काम करूं लागली. पगार बेताचा, काम ठराविक, आणि खोलींत एकटेपणा. लंडनमध्यें हजारों मुलींचें आयुष्य असेंच चाललें होतें.

शहराच्या वायव्येस स्टॅग लेन या ठिकाणीं एक विमानतळ होता आणि तेथें लंडन एअरोप्लेन क्लब ही संस्था सभासदांना माफक दरानें उड्डाण शिकवीत असे. १९२८ सालीं एमी तेथें जाऊं लागली. ती काही जन्मजात वैमानिक नव्हती. आरंभीं तिच्या शिक्षकांना तिच्याविषयीं फारशी आशा वाटली नाहीं, आणि एकटीनें विमान उडविण्याची परवानगी मिळावयास तिला इतर शिकाऊ उमेदवारांपेक्षां पुष्कळ अधिक तास लागले. पगारांतून शिल्लक राहील तें सर्व ती धड्यांवर खर्च करी. १९२९ च्या जुलै महिन्यांत तिला वैमानिकाचा परवाना मिळाला. त्याच महिन्यांत तिच्या धाकट्या बहिणीच्या, आयरीनच्या, अकालीं मृत्यूचें दुःख या कुटुंबावर कोसळलें. एमीनें कचेरीची नोकरी सोडून सर्व लक्ष विमानाकडे लाविलें तें याच सुमारास.

तिच्या चरित्रांतील पुढली गोष्ट वर्तमानपत्रांतून फारशी गाजली नाहीं, पण आमच्या मतें तीच सर्वांत महत्त्वाची होय. केवळ विमान चालवितां येऊन तिचें समाधान झालें नाहीं. त्याचें एंजिन कसें चालतें, कां बिघडतें आणि बिघडल्यास कसें सुधारावें, हेंहि आपल्याला आलें पाहिजे असें तिनें मनाशीं ठरविलें. भल्या पहांटे ती विमानतळावरील कारखान्यांत हजर होई. तेथील मुख्य यंत्रज्ञ जॅक हम्फ्रीज यांच्या हाताखालीं तिनें तेलानें माखलेले कपडे घालून पुरुष कामगारांच्या बरोबरीनें एंजिनें उघडलीं, पुसलीं व जोडलीं. १९२९ सालींच विमानाच्या यंत्रज्ञाचा सरकारी परवाना तिनें मिळविला. असा परवाना मिळविणारी ती पहिली ब्रिटिश स्त्री होय. पुढें वाळवंटांत आणि चिखलांत, मदतीला माहितगार माणूस नसतांना तिचें जें रक्षण झालें, तें या तेलकट हातांनीं केलें.

आतां तिनें मनांत ऑस्ट्रेलियाचा बेत धरला. तोंवर कोणत्याहि स्त्रीनें हा प्रवास एकटीनें केलेला नव्हता. तिनें स्वतः केलेला सर्वांत लांबचा प्रवास म्हणजे लंडनहून हलपर्यंतचा, सुमारें दीडशे मैलांचा! एकूण शंभर तासदेखील विमान चालविण्याचा अनुभव तिच्या गांठीं नव्हता. पैशासाठीं तिनें अनेकांना पत्रें लिहिलीं. बहुतेकांनीं नकार दिला. अखेर तेलाचे व्यापारी लॉर्ड वेकफील्ड यांनीं निम्मी रक्कम दिली आणि उरलेली निम्मी तिच्या वडिलांनीं. एक मुलगी नुकतीच गमावलेल्या बापानें दुसऱ्या मुलीच्या हातीं अशा साहसासाठीं पैसा द्यावा, यांत त्याच्या मनाची केवढी ओढाताण झाली असेल, याची कल्पना पालकांनाच येईल. ६०० पौंडांस एक जुनें विमान विकत घेण्यांत आलें. वडिलांच्या व्यापाराची निशाणी ‘जेसन’ ही होती. तेंच नांव एमीनें विमानाला दिलें.

हें विमान कसें होतें तें विद्यार्थ्यांनीं नीट ध्यानांत घ्यावें. लाकडाचा सांगाडा, त्यावर ताणून बसविलेलें कापड, एकावर एक असे दोन पंख, पुढें शंभर अश्वशक्तीचें एंजिन. वर छप्पर नाहीं. वैमानिकाचें डोकें वारा, ऊन व पाऊस यांत उघडेंच. वेग ताशीं सुमारें ८५ मैल, म्हणजे आजच्या आगगाडीलाहि तो फार म्हणतां येणार नाहीं. पुढल्या बैठकीच्या जागीं पेट्रोलची जादा टाकी बसविली होती, आणि तिच्यांतील पेट्रोल हातपंपानें वर चढवावें लागे. त्या वासानें डोकें भणभणून जाई. बिनतारी संदेशाचें यंत्र नव्हतें. वाट शोधावयाची ती होकायंत्र, नकाशाच्या पट्ट्या आणि खालीं दिसणाऱ्या नद्या, रेल्वेचे रूळ व किनारे यांवरून. एक जादा पंखा विमानाच्या अंगाला दोरीनें बांधून घेतला होता. अंगावर तीच कापडाची पिशवी, तोच पोशाख, आणि थोडीं हत्यारें.

५ मे १९३० रोजीं सकाळीं लंडनजवळील क्रॉयडन विमानतळावरून एमीनें उड्डाण केलें. निरोप द्यावयास वडील व कांहीं थोडे स्नेही होते. जगाला तिची खबरहि नव्हती. पहिल्या दिवशीं व्हिएन्ना, दुसऱ्या दिवशीं कॉन्स्टँटिनोपल, तिसऱ्या दिवशीं अलेप्पो असे मुक्काम झाले. तुर्कस्तानांत टॉरस पर्वताच्या खिंडींतून जातांना ढगांनीं तिला गांठलें. दोन्ही बाजूंस कडे आणि पुढें पांढरें धुकें. खालून गेलेल्या रेल्वेच्या रुळांवर नजर ठेवून ती कशीबशी पलीकडे निघाली.

बगदादच्या अलीकडे वाळवंटांत धुळीच्या वादळानें विमान एकाएकीं हजारों फूट खालीं ढकललें. कांहीं दिसेना, चाकें जमिनीला लागलीं तेव्हां आपण उतरलों एवढेंच तिला समजलें. सुटलेल्या वाऱ्यानें विमान उलटूं नये म्हणून तिनें चाकांना सामानाची अडण लाविली, एंजिनांत वाळू शिरूं नये म्हणून तें कापडानें झांकलें, आणि विमानाच्या शेपटीवर बसून ती वादळ ओसरण्याची वाट पाहूं लागली. दूर कुत्र्यांचें भुंकणें ऐकूं येत होतें. हातांत पिस्तूल होतें. वादळ ओसरल्यावर तिनें पुन्हां एंजिन सुरू केलें व ती बगदादला पोहोंचली. तेथें उतरतांना चाकाचा आधार मोडला. तो रातोरात दुरुस्त करण्यांत आला. पुढें इराणच्या किनाऱ्यावर बंदर अब्बास येथेंहि तोच प्रकार, तीच दुरुस्ती.

१० मे रोजीं, म्हणजे निघाल्यापासून सहाव्या दिवशीं, ती कराचीस उतरली. हिंक्लरला कराचीस पोहोंचावयास तिच्याहून दोन दिवस अधिक लागले होते. आतां मात्र जगाचें लक्ष तिच्याकडे वेधलें. लंडनची एक अनोळखी चिटणीस मुलगी हिंक्लरच्या पुढें दोन दिवस आहे, ही वार्ता तारायंत्रानें सर्वत्र पसरली, आणि तिच्या प्रत्येक मुक्कामाकडे लोक डोळे लावून बसले.

कराचीहून तिला अलाहाबाद गांठावयाचें होतें. मे महिन्याचें हिंदुस्थानांतील ऊन, तापलेली हवा आणि विरुद्ध वारा यांमुळें पेट्रोल संपत आलें व अंधार पडूं लागला. राणी लक्ष्मीबाईच्या ज्या झाशीचें नांव मराठी मुलांना पाळण्यापासून ठाऊक आहे, त्याच झाशीच्या लष्करी कवायतीच्या मैदानावर एमीला अवचित उतरावें लागलें. शिपाई इकडे तिकडे पळाले. विमान धांवत जाऊन इमारतींच्या मध्यें अडकलें आणि त्याच्या पंखाला इजा झाली. पण छावणींतील लोक मदतीला धांवले, पंखाची डागडुजी झाली, आणि दुसऱ्या दिवशीं पहांटे निघून, अलाहाबादेस पेट्रोल घेऊन, ती कलकत्त्यास पोहोंचली.

कलकत्त्याहून रंगूनला जातांना पावसाची पहिली झोड तिच्यावर आली. आराकानचे डोंगर ढगांत बुडालेले, मार्ग सुधरेना. रंगूनचें घोड्यांच्या शर्यतीचें मैदान शोधीत असतां तिनें इन्सीन या गांवच्या सरकारी तंत्रशाळेचें खेळाचें मैदान हेंच तें समजून विमान खालीं आणिलें. मैदान लहान, विमान पुढें खड्ड्यांत गेलें. चाकें मोडलीं, पंखा फुटला, पंखाचें कापड फाटलें. आतां सर्व संपलें असें वाटून तिला रडूं कोसळलें. पण ज्या शाळेच्या अंगणांत ती पडली, ती तंत्रशाळाच होती! तेथील शिक्षकांनीं व विद्यार्थ्यांनीं लाकूडकाम व लोहारकाम हातीं घेतलें. पंखाला विमानाचेंच कापड हवें होतें. पहिल्या महायुद्धानंतर शिल्लक राहिलेल्या अशा कापडाचे कोणीं सदरे शिवविले होते. ते सदरे उसवून त्यांचीं ठिगळें पंखाला लावण्यांत आलीं. बांधून आणिलेला जादा पंखा आतां उपयोगीं पडला. मग विमान ओढीत रंगूनच्या मैदानावर नेलें आणि १६ मे रोजीं एमीनें पुन्हां आकाश गांठलें.

या कामांत जवळ जवळ तीन दिवस गेले, आणि त्यांबरोबर हिंक्लरचा विक्रम मोडण्याची आशाहि गेली. ज्या ध्येयासाठीं आपण निघालों तें हातचें निसटलें आहे, हें ठाऊक असतां उरलेली वाट चालणें हें फार कठीण असतें. विक्रम मोडण्याच्या उमेदीनें पुढें जाणारे पुष्कळ असतात. उमेद मावळल्यावरहि जे हातीं घेतलेलें काम तडीस नेतात त्यांची गणना निराळी करावी लागते. एमी परत फिरली नाहीं. बँकॉक, सिंगोरा, सिंगापूर असे मुक्काम करीत ती जावा बेटावर गेली. तेथें एका उंसाच्या मळ्याजवळ उतरतांना जमिनींत रोंवलेल्या बांबूंच्या खुंट्यांनीं पंखाला भोंकें पडलीं. जखमेवर लावावयाची चिकटपट्टी तिनें त्या भोंकांवर चिकटविली. पुढें तिमोर बेटावर वारुळांनीं भरलेल्या मैदानांत ती उतरली. त्या आडरानांतून खबर वेळेवर न पोहोंचल्यामुळें ती नाहींशी झाली अशी आवई उठली आणि इंग्लंडांत तिच्या आईबापांनीं घोर चिंतेंत वेळ काढला.

शेवटचा टप्पा तिमोरच्या समुद्रावरचा, सुमारें ५०० मैलांचा. खालीं एकहि बेट नाहीं. एंजिन थांबल्यास सारें संपलें. अर्ध्या वाटेवर एका तेलाच्या आगबोटीनें तिला पाहिलें व पुढें संदेश पाठविला. २४ मे १९३० रोजीं दुपारीं ठिगळांचें तें हिरवें विमान डार्विनच्या मैदानावर उतरलें. एकूण प्रवास सुमारें ११,००० मैलांचा झाला होता. इंग्लंडाहून ऑस्ट्रेलियास एकटीनें विमान चालवीत येणारी ती पहिली स्त्री ठरली.

येथें विद्यार्थ्यांनीं एक लहानसें गणित करून पाहावें. ताशीं ८५ मैल या वेगानें ११,००० मैल जावयास सुमारें १३० तास लागतील. साडेएकोणीस दिवसांचे तास ४६८ होतात. म्हणजे वारा कसाहि धरला तरी या प्रवासांतला बहुतेक वेळ आकाशांत नव्हे, तर जमिनीवर गेला! तो वेळ कशांत गेला? दर मुक्कामीं थकलेल्या अंगानें मध्यरात्रीपर्यंत एंजिन साफ करण्यांत, पेट्रोल गाळून भरण्यांत, नकाशे पाहण्यांत. जेमतेम तीन-चार तासांची झोंप घेऊन पहांटे पुन्हां तयार होण्यांत. मोडलेलें सांधण्यांत आणि पाऊस थांबण्याची वाट पाहण्यांत. दोन शहरांमधील अंतर विमान तोडतें, असें आपण म्हणतों. पण खरें पाहतां तें जमिनीवरच तुटतें. जो जमिनीवरचें काम नेटकें करितो त्यालाच आकाश वाट देतें. त्याचप्रमाणें ४६८ तासांचा हा हिशेब केवळ एमीच्याच नांवावर मांडतां येत नाहीं. बगदादचे यंत्रज्ञ, झाशीच्या छावणींतील माणसें, इन्सीनच्या तंत्रशाळेंतील मुलें, इतक्या अनोळखी हातांनीं त्या कापडी पंखांना ठिगळें लाविलीं, तेव्हां ते पंख डार्विनपर्यंत टिकले.

ऑस्ट्रेलियांत व परतल्यावर इंग्लंडांत तिचें अपूर्व स्वागत झालें. ब्रिटिश सरकारनें तिला सी. बी. ई. हा बहुमान दिला. एका वृत्तपत्रानें १०,००० पौंड दिले. परंतु कीर्ति हें सुद्धां एक ओझेंच असतें. रोज सभा, रोज हारतुरे, प्रत्येकाला तिला पाहावयाचें. या दगदगीनें ती आजारी पडली व ठरलेला दौरा तिला मध्येंच सोडावा लागला. सिडनी शहरांतील शाळकरी मुलांनीं तिला एक थैली नजर केली होती. त्या पैशांतून एमीनें सोन्याचा एक पेला करविला आणि आपल्या जन्मग्रामाला, हलला, अर्पण केला. धैर्याचें कृत्य करणाऱ्या तेथील एखाद्या मुलाला किंवा मुलीला त्याचा मान मिळावा, अशी योजना तिनें केली. हजारों पौंडांच्या देणग्यांपेक्षां मुलांची ती थैली तिला अधिक मोलाची वाटली असावी.

यानंतरहि ती स्वस्थ बसली नाहीं. १९३१ सालीं आपले जुने गुरु जॅक हम्फ्रीज यांना बरोबर घेऊन ती लंडनहून एका दिवसांत मॉस्कोस गेली आणि तेथून सैबेरिया ओलांडून टोकियोस पोहोंचली. इंग्लंड ते जपान या मार्गावर तो नवा विक्रम झाला. १९३२ सालीं तिनें जिम मॉलिसन या नामांकित वैमानिकाशीं विवाह केला, आणि त्याच वर्षीं लंडन ते केपटाऊन हा प्रवास एकटीनें करून खुद्द पतीचाच विक्रम मोडला. १९३३ सालीं दोघांनीं मिळून वेल्सच्या किनाऱ्यावरून अटलांटिक महासागर ओलांडला. पण न्यूयॉर्क अगदीं जवळ आलें असतां पेट्रोल संपत आल्यामुळें अंधारांत विमान कोसळून दोघेंहि जखमी झालीं. १९३४ सालीं इंग्लंड ते ऑस्ट्रेलिया या मोठ्या शर्यतींत हें जोडपें कराचीपर्यंत विक्रमी वेळांत आलें, परंतु अलाहाबादेस एंजिनें निकामी होऊन त्यांना शर्यत सोडावी लागली. १९३६ सालीं दक्षिण आफ्रिकेचा विक्रम तिनें पुन्हां एकदां जिंकून घेतला. संसारांत मात्र सुख लाभलें नाहीं. १९३८ सालीं हा विवाह संपुष्टांत आला. यंत्रविद्या शिकलेल्या स्त्रियांच्या इंग्लंडांतील संस्थेची ती कांहीं वर्षें अध्यक्षा होती, आणि यंत्रविद्येचें क्षेत्र मुलींना खुलें व्हावें म्हणून तिनें खटपट केली.

दुसरें महायुद्ध सुरू झाल्यावर कारखान्यांतून तयार झालेलीं विमानें लष्करी तळांवर पोहोंचविण्याचें काम करणाऱ्या दलांत ती १९४० सालीं दाखल झाली. येथें ना हारतुरे, ना विक्रम. जगप्रसिद्ध एमी इतर वैमानिकांप्रमाणेंच रोजचा नेमून दिलेला हेलपाटा घालूं लागली. या दलांतील वैमानिक सामान्यतः बिनतारी संदेशाच्या मदतीवांचूनच उडत.

५ जानेवारी १९४१ रोजीं सकाळीं दुपार व्हावयाच्या थोडें आधीं ती ब्लॅकपूल येथून ऑक्सफर्डजवळच्या किडलिंग्टन तळाकडे एक विमान घेऊन निघाली. अंतर सुमारें दीडशे मैल. वाट एका तासाची. लंडन ते हल या तिच्या पहिल्या लांबच्या प्रवासाएवढाच हा प्रवास होता. हवा फार वाईट होती. किडलिंग्टनला ती पोहोंचलीच नाहीं. दुपारीं साडेतीनच्या सुमारास, वाटेपासून कितीतरी दूर, थेम्स नदीच्या मुखाशीं समुद्रांतून चाललेल्या जहाजांच्या तांड्याजवळ ती हवाई छत्रीनें पाण्यांत उतरली. ‘हेझलमियर’ या जहाजावरील खलाशांनीं दोर फेंकले. पण गोठविणारें पाणी आणि उसळत्या लाटा यांपुढें त्यांचा इलाज चालला नाहीं. जहाजाचे प्रमुख वॉल्टर फ्लेचर यांनीं स्वतः समुद्रांत उडी घेतली. त्यांनाहि त्या थंडीनें ग्रासलें व ते मरण पावले. पुढें त्यांच्या पश्चात् त्यांना शौर्याचें पदक देण्यांत आलें. एमीचा देह कधींच सांपडला नाहीं. तिचें वय अवघें ३७ वर्षांचें होतें.

जिनें ११,००० मैलांवरील डार्विन गांठलें, तिला दीडशे मैलांवरील किडलिंग्टन गांठतां आलें नाहीं. हें वाचून मन खिन्न होतें, आणि तें होणें योग्यच आहे. अंतर लहान म्हणून तें सोपें असतें असें नाहीं. जी वाट आपण रोज चालतों तीहि सावधपणा मागते, आणि सर्व सावधपणा राखूनहि कधीं कधीं ती हातून निसटते. एमीचें शेवटचें उड्डाण तिच्या पहिल्या उड्डाणाइतकेंच कर्तव्याचें होतें; त्याची बातमी मोठी व्हावी म्हणून तें केलेलें नव्हतें.

‘जेसन’ हें तिचें विमान लंडनच्या विज्ञान-संग्रहालयांत जपून ठेवण्यांत आलें आहे. आज तिच्या मार्गावरून शेंकडों उतारू घेऊन जाणारीं प्रचंड विमानें उडतात. उतारू जेवतो, झोंपतो, आणि जागा होतो तों दुसऱ्या खंडांत असतो. तो सतरा तासांचा हिशेब सांगतो. परंतु त्या सतरा तासांच्या मागें विमानतळावर रात्रभर जागणारा यंत्रज्ञ, हवेचे अंदाज बांधणारा शास्त्रज्ञ आणि ज्यांनीं प्रथम ही वाट चाचपडत काढली ते वैमानिक, या सर्वांचे तास जमा आहेत. विद्यार्थ्यांनीं नकाशावर दोन शहरांमध्यें रेघ ओढतांना त्या रेघेवर हे मुक्काम मनानें मांडून पाहावे. आणि ज्या घरांत एखादी मुलगी यंत्राशीं खेळते, प्रश्न विचारते व उशिरानें कां होईना पण चिकाटीनें शिकते, त्या घरच्या वडील मंडळींनीं हल गांवच्या त्या मासळीच्या व्यापाऱ्याची आठवण ठेवावी. मुलीच्या मार्गांतील धोका त्याला दिसत होता. तरीहि त्यानें आपला वांटा दिला आणि तो विमानतळावर तिला निरोप द्यावयास गेला.